कोर्ट उठेपर्यंतची कैद

अंबाबाई गप्प बसली आहे असं कुणी सांगितलं असतं, तर गल्लीतली माणसं आधी तिची नाडी बघायला धावली असती. कुंभकोणमच्या मोठ्या तळ्यामागे एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या अंगणवाडीत ती आया होती. सकाळी केंद्र उघडायचं, झाडायचं, भात शिजवायचा, अंडी उकडायची, मुलांची नाकं पुसायची आणि दुपारी त्यांना झोपवायचं, ही तिची सरकारी कामं. उरलेल्या वेळात ती बोलायची. खरं म्हणजे कामं बोलण्यातच उरकायची.

बाहेर ती अस्सल तमिळ बोलायची. राग आला की मात्र घरचं मराठी तोंडातून सुटायचं. परिणाम असा झाला होता की गल्लीतली तीन-तीन वर्षांची तमिळ पोरं घरी जाऊन बापाला "गप बैस!" म्हणायची, आणि बाप खरोखरच गप्प बसायचे. एकदा गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलाच्या देवळात पुण्याहून आलेल्या एका बाईंनी तिचं मराठी ऐकून विचारलं, "तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का हो?" अंबाबाईला ही स्तुती वाटली. तिने त्या बाईंना घरी जेवायला नेलं, आणि सांबार हे मूळचं आमचंच, तंजावरच्या मराठ्यांचं, हे त्या कबूल करेपर्यंत ताक वाढलं नाही.

तिच्या सासरचे पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात नोकरीला होते. नेमके कशाला, ते ऐकणाऱ्याच्या नशिबावर अवलंबून असे. ती सून म्हणून आली तेव्हा ते पालखीचे भोई होते. पुढे पालखीखान्याचे कारभारी झाले. अलीकडे तर ते पालखीत बसू लागले होते. दुपारी मुलांना झोपवताना ती हीच गोष्ट सांगायची, आणि पालखी राजवाड्याच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत सगळी सभा घोरायला लागायची.

पण तिची सर्वांत लाडकी गोष्ट वेगळी होती. ती मोठ्या माणसांसाठी होती, आणि तिचं नाव होतं, 'मी तुरुंगात गेले तेव्हा'.

तिला सासूकडून दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक पितळेचं मोठं पातेलं आणि दुसरा हातगुण. तान्ह्या मुलाला तापात झटका आला, अंग ताठ झालं, डोळे फिरले, की हळकुंडाचं टोक दिव्यावर पेटवायचं आणि लाल झालं की मुलाच्या पोटावर टेकवायचं. याला त्यांच्या घरात 'डाग देणं' म्हणत. हे घराण्यात चालत आलेलं होतं. सासूला तिच्या सासूने शिकवलं होतं, आणि सासू गेल्यावर गल्लीतल्या बायका हक्काने अंबाबाईकडे येऊ लागल्या. ती विधवा होती, एकटी होती, आणि कुणीतरी आपल्याला हाक मारायला येतं याचं तिला फार अप्रूप होतं.

एका दुपारी शेजारची शिवकामी आपली सहा महिन्यांची पोर, जननी, हातावर घेऊन धावत आली. पोर लाकडासारखी ताठ झाली होती. अंबाबाईने दिवा लावला, हळकुंड पेटवलं आणि तीन डाग दिले. पोर सैल पडली, श्वास घेऊ लागली. गल्लीने जयजयकार केला. मग दोन-तीन दिवसांनी डाग चिघळले, पोरीला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथल्या डॉक्टरने शिवकामीला नाही नाही ते बोलून पोलिसांना कळवलं.

"मग काय!" अंबाबाई इथे मांडी ठोकायची. "वकील म्हणाला, कबूल कर, दंड भर, घरी जा. मी म्हटलं, केलंच आहे तर कबूल करायला काय धाड भरली? न्यायाधीशसाहेबांनी शिक्षा दिली, दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय, तर त्या बाकावर बसायचं आणि कोर्ट संपेपर्यंत हलायचं नाही. दुपार झाली. भूक लागली. डब्यात लिंबूभात होता, उघडला. शिपाई म्हणतो, कैद्याने जेवायचं नसतं इथे. मी म्हटलं, तुझं नाक चोंदलंय बाबा, आधी ओव्याची धुरी घे, मग मला कायदा शिकव! त्यालाही दिला घासभर. संध्याकाळ झाली, साहेब उठले, मीही उठले. दोघं एकदमच सुटलो!"

लोक पोट धरून हसायचे. शिवकामीसुद्धा हसायची, कोर्टात "मीच बोलावलं होतं तिला" असं तीच रडत सांगून आली होती, आणि दोघींची मैत्री त्यानंतर घट्टच झाली. अंबाबाईने कोर्टाला शब्द दिला होता, तो पाळला. पुन्हा कुणाला डाग दिला नाही. काही वर्षांनी अंगणवाडीत आयाची जागा निघाली. तेव्हा वय विचारलं, शिक्षण विचारलं, विधवा असल्याचा दाखला मागितला. कोर्टाचं कुणी विचारलं नाही, आणि तिलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. तिच्या लेखी तो एक प्रवास होता, रामेश्वरला जाऊन येतात तसा.

शिवकामी मागच्या वर्षी गेली. तिची जननी आता पंचविशीची होती, रेशमी साड्यांच्या दुकानात घड्या घालायच्या कामाला जायची. तिची तीन वर्षांची पवित्रा अंबाबाईच्याच अंगणवाडीत होती, आणि अंबाबाईने सर्व मुलं सारखी मानायची असतात हा सरकारी नियम या एका पोरीच्या बाबतीत उघड उघड धाब्यावर बसवला होता. अंड्याचा पिवळा बलक इतरांना अर्धा मिळाला तरी पवित्राला अख्खा. पवित्रा बलक खात नसे. ती तो गालात धरून ठेवायची आणि तासाभराने अंबाबाईच्या हातात परत करायची.

असं सगळं सुरळीत चाललं असताना वरून आदेश आला.

तालुक्याच्या कार्यालयात सगळ्या अंगणवाड्यांच्या टीचर आणि आया जमवल्या होत्या. पर्यवेक्षिका रम्या ही नुकतीच नोकरीत आलेली, चेहऱ्याने अजून कॉलेजातली वाटणारी मुलगी. तिने समजावून सांगितलं, की कुठल्याशा जिल्ह्यात एका शाळेत फार वाईट प्रकार घडला, आणि ज्याने तो केला त्याला पूर्वीही शिक्षा झालेली होती, पण ते कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून आता मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक सरकारी माणसाने, शिपायापासून हेडमास्तरापर्यंत, आपल्याला कधी कोर्टात शिक्षा झाली आहे का ते जाहीर करायचं. गुन्हा मुलाला इजा करण्याचा असेल तर मुलांमध्ये काम करता येणार नाही. काही सांगायचं असेल तर तंजावरला सुनावणी मिळेल.

"कळलं ना सगळ्यांना? काही शंका?"

हॉलमधल्या बायका चहाची वाट बघत होत्या. शंका कुणालाच नव्हती. मागच्या रांगेतून एक हात वर गेला.

"मॅडम, कोर्ट उठेपर्यंत बसवलं असेल, तर ते धरायचं का?"

बायका हसल्या. अंबाबाईशेजारी बसलेली तिच्याच केंद्राची नागलक्ष्मी टीचर हसली नाही. तिने अंबाबाईचा पदर खाली ओढला.

"हो, तीही शिक्षाच," रम्या म्हणाली. "पण असं कुणाचं..."

"माझंच की!"

"अंबाक्का, बस खाली," नागलक्ष्मी दातांतून म्हणाली.

"का? विचारतायत ना त्या? मॅडम, त्याचं असं झालं..." आणि अंबाबाईने उभं राहून, मांडी ठोकायला जागा नव्हती म्हणून समोरच्या बाईची खुर्ची ठोकत, अख्खी गोष्ट सांगितली. दिवा, हळकुंड, लिंबूभात, शिपायाचं नाक. "दोघं एकदमच सुटलो!" यावर तिने थांबून नेहमीच्या हशाची वाट पाहिली.

हशा आला नाही. पन्नासएक बायका तिच्याकडे बघत होत्या, आणि रम्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"तुम्ही हे... कुणा दुसऱ्याचं सांगत होता ना, आयाम्मा?" रम्याने हळूच विचारलं. ती तिला दार उघडून देत होती. एवढं मोठं दार की त्यातून पालखीसुद्धा गेली असती.

"दुसऱ्याचं? बाकावर मी बसले होते मॅडम! तो बाक अजून असेल तर दाखवते!"

घरी तिचा धाकटा भाऊ शेषाद्री ओसरीवर येऊन बसलाच होता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून गावातली कुठलीही वाईट बातमी सर्वांआधी त्याच्याकडे पोचायची. घरात दोघं आपलं जुनं मराठीच बोलत, ज्यात 'सगळे' म्हणजे 'अस्के'.

"अक्का, तुज कोणीं विचारली होती कां?"

"अस्क्यांना विचारली!"

"अस्के गप बसले कीं नाहीं? तूंच कां हात वर केलीस?"

"खोटें बोलूं?"

"खोटें नको गे बोलूं! गप बैस! गप बसणें म्हणजे खोटें नव्हें!" शेषाद्रीने कपाळावर हात मारून घेतला. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीं. हा नियम राक्षसांसाठीं आहे अक्का. तुजसाठीं नव्हें."

अंबाबाईने त्याच्यासमोर कॉफीचा पेला आदळला. "राक्षसाच्या कपाळावर लिहिलेलें असतें कां रे? या गांवांत तूं मज हें सांगतोस? शाळेच्या आगींत पोरें गेलीं त्या दिवशीं तूं कोठें होतास? मी येथें होतें. रस्ताभर चपला पाहिल्या. पोरांच्या बाबतींत नियम पाहिजेच. पाहिजेच म्हणतें मी!"

शेषाद्रीने कॉफी प्यायली. पेला खाली ठेवून म्हणाला, "मग तुज काढले तर?"

"मज कां काढतील?" अंबाबाईला खरोखरच नवल वाटलं. "सुनावणी आहे की. मी सांगेन."

सांगण्यावर तिचा असा विश्वास होता. आजवर आयुष्यात जे जे अडलं ते तिने बोलून सोडवलं होतं. रेशनचं दुकान, विजेचं बिल, शेषाद्रीचं लग्न. तंजावरचं कार्यालय त्याहून अवघड असेल असं तिला वाटण्याचं काही कारण नव्हतं.

आणि जननी आपणहून आली. दुकानातून सुटल्यावर पवित्राला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. "आयाम्मा, मी येते तंजावरला. मीच सांगते, माझी काही तक्रार नाही म्हणून. लिहून पण देते."

अंबाबाईने तिची अशी दृष्ट काढली की पवित्रासुद्धा घाबरली. "बघितलंस शेषू? जिच्यासाठी शिक्षा झाली तीच साक्षीला येते! असं कुठल्या कोर्टात झालंय?"

सुनावणीच्या दिवशी ती सणाला निघाल्यासारखी निघाली. निळी रेशमी साडी, नागलक्ष्मीने दिलेली अबोलीची वेणी, आणि पिशवीत चिंचेच्या भाताचा डबा. बसमध्ये कंडक्टरला तिने सांगून टाकलं, की आपण सरकारी सुनावणीला चाललो आहोत, आणि ही आपली साक्षीदार. कंडक्टरने जननीकडे पाहिलं. जननी खिडकीबाहेर बघत होती. जाताना ती फारशी बोलली नाही, पण अंबाबाईबरोबर प्रवास करताना कुणालाच फारसं बोलता येत नसे, त्यामुळे ते लक्षात आलं नाही.

तंजावरच्या त्या खोलीत एक लांब टेबल होतं, डोक्यावर खडखडणारा पंखा होता, आणि टेबलामागे करड्या केसांच्या एक अधिकारी बाई होत्या. अंबाबाईने मनाशी एखाद्या खेकसणाऱ्या माणसाची तयारी केली होती. या बाई तर दवाखान्यात रुग्णाशी बोलावं तशा मऊ आवाजात बोलत होत्या. रम्या बाजूला बसली होती. नागलक्ष्मीने लिहून दिलेलं तिने वाचून दाखवलं: इतक्या वर्षांत एकही तक्रार नाही, मुलं हिच्याशिवाय जेवत नाहीत, पुरात पाणी शिरलं तेव्हा हिने मुलांना एकेक करून खांद्यावरून बाहेर काढलं.

"छान काम आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

"मग!" अंबाबाई म्हणाली.

"आता मला सांगा, त्या दिवशी तुम्ही जे केलं ते चूक होतं असं तुम्हाला वाटतं?"

"कोर्ट म्हणालं ना चूक."

"तुम्हाला काय वाटतं?"

अंबाबाई क्षणभर गोंधळली. असा प्रश्न तिला कुणी केला नव्हता. "मॅडम, पोर वाचली की. ही बघा ना, समोर बसलीय. लग्न झालं, मूल झालं. आता मी नाही देत हो डाग. आता कुणाला झटका आला तर लगेच अँब्युलन्सला फोन करते. नियम आहे तो."

बाईंनी मान हलवली आणि जननीकडे वळल्या. "तुमची तक्रार नाही, हे तुम्ही लिहून दिलंय. मी एकच विचारते. तुमची मुलगी याच केंद्रात आहे. समजा, टीचर आलेल्या नाहीत, केंद्रात फक्त या आहेत. मुलीचं अंग थोडं गरम आहे. तुम्ही तिला सोडून कामावर जाल?"

अंबाबाई हसत जननीकडे बघू लागली. उत्तर काय येणार ते तिला पाठ होतं. जननीचं उत्तर झालं की आपण काय बोलायचं, तेही तिने ठरवलं होतं.

जननी आपल्या हातांकडे बघत राहिली. पंखा खडखडत होता.

"आधी हा पंखा बंद करा," अंबाबाई म्हणाली. "काही ऐकूच येत नाहीये."

शिपायाने पंखा बंद केला. तरी काही ऐकू आलं नाही.

"जननी?" बाई म्हणाल्या.

"मी वळणावर थांबते," जननी म्हणाली. "रोज. केंद्राआधी वळण आहे ना, तिथे. टीचरची स्कूटी आत गेली की मग पवित्राला नेऊन सोडते. टीचर रजेवर असल्या की सुट्टी काढते. दुकानात पगार कापतात." ती भरभर बोलू लागली, बंधारा फुटावा तशी. "मला आयाम्मा आवडते मॅडम. माझ्या अम्मानंतर तीच आहे मला. पवित्राला तिच्याइतकं कुणी करत नाही. मला माहीत आहे ती काही करणार नाही. पण माझ्या पोटाला माहीत नाही."

तिचा हात पोटावर गेला.

"पवित्राच्या वेळी पोट वाढायला लागलं तेव्हा ते डाग ताणायचे. फाटतात की काय वाटायचं. तपासणीला गेलं की दर वेळी नर्स विचारायच्या, हे काय आहे, कुणी केलं. मी म्हणायचे, लहानपणी पडले होते चुलीवर." तिने नाक पुसलं. "अम्मा नेहमी सांगायची, त्या डागांनी तू जगलीस. मी पण सगळ्यांना तसंच सांगायचे. पण पवित्राला पहिल्यांदा ताप आला ना, तेव्हा अम्मा म्हणाली, अंबाक्काला बोलावू का? नुसतं बघायला. आणि मी पोर उचलली आणि पळत सुटले. पायात चप्पल पण नव्हती. दवाखान्यात गेल्यावर कळलं की मी मागचं दार लावून, पुढचं उघडं टाकून आले होते. आयाम्मा मागून येईल की काय म्हणून असेल, मलाच कळेना मी काय केलं ते."

मग ती अंबाबाईकडे वळली. "आयाम्मा, मला आजही हे बोलायचं नव्हतं. खरंच हो म्हणायला आले होते."

अंबाबाईने तोंड उघडलं. शब्द नेहमीसारखे रांगेत उभे होते: अगं मी सोडलं ते, शब्द दिला होता कोर्टाला, तुझी आई असती तर तिनेच सांगितलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे एकाएकी ती दुपार आली, आणि या वेळी त्यात लिंबूभात नव्हता. पहिल्या डागाला पोर किंचाळली होती. दुसऱ्याला तिचा आवाज फुटला होता, चिरलेल्या बांबूसारखा. तिसऱ्या डागाला ती रडलीच नाही. अंबाबाई ते इतकी वर्षं गुण आल्याचं लक्षण म्हणून सांगत आली होती. 'तिसऱ्याला पोर शांत झाली बघा!' आणि ऐकणाऱ्या बायका हात जोडायच्या.

सहा महिन्यांचं मूल चटका बसूनही रडत नाही, ते कधी? रडण्याचं त्राण संपलं की. शेकड्याने मुलं वाढवलेल्या बाईला हे कुणी शिकवायला हवं होतं का? एवढंसं पडलं तरी गल्ली डोक्यावर घेणारी पोरं तिने रोज पाहिली होती. जे मूल रडत नाही त्याच्याकडे आपण हातातलं टाकून धावतो. हे तिला माहीत होतं. रोजच माहीत होतं. फक्त त्या एका पोरीपर्यंत ते कधी नेलं नव्हतं.

"अंबाबाई, तुम्हाला काही सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक आला की रम्याने चमकून वर पाहिलं. "नियमात जे आहे ते लिहा."

"नोकरी जाणार नाही तुमची. तालुक्याच्या गोदामात बदली होईल. पिठाची पोती येतात, त्यांची राखण. पेन्शनला धक्का नाही. पण केंद्रात उद्यापासून... खरं म्हणजे आजपासूनच."

"बरं."

"वाईट वाटून घेऊ नका."

अंबाबाईला यावर खरं तर पुष्कळ बोलता आलं असतं. ती उठली आणि पदर नीट केला.

परतीच्या बसमध्ये जननी रडत होती आणि थांबत नव्हती. अंबाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, आणि ठेवावा की नाही ते तिला कळेना. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग तिने तो पिशवीत घालून डबा काढला.

"खा. परत नेला तर आंबेल."

"नको."

"चिंचेचा आहे, आधीच आंबलेला. खा."

जननी रडता रडता हसली, आणि हसल्याची लाज वाटून आणखी रडली. तरी दोन घास तिने खाल्ले. पुढे तिरुवलंचुळी आलं. रस्त्याने जाणारे सगळे तिथल्या पांढऱ्या विनायकाला बसमधूनच हात जोडतात. तो समुद्राच्या फेसाचा केलेला म्हणतात. म्हणून त्याला अभिषेक नाही, स्नान नाही, कुणी हात लावायचा नाही, लांबूनच कापराची पूड वाहायची. अंबाबाईने आजवर शंभरदा हात जोडले असतील. आज प्रथमच तिला वाटलं, त्या बिचाऱ्याला कुणी कधी न्हाऊ घालत नाही. एवढा छोटा देव, आणि अंगाला हात नाही.

"तू बरोबर केलंस," ती एकाएकी जननीला म्हणाली. "वळणावर थांबतेस ते. तुझ्या आईनेही थांबायला हवं होतं. माझ्या दाराशी."

जननीने तिचा हात धरला. स्टँड येईपर्यंत धरून ठेवला.

गल्लीत पोचल्या तेव्हा मुलांच्या झोपेची वेळ होती. नागलक्ष्मी फाटकापाशी वाट बघत उभी होती.

"आत ये अंबाक्का. चहा केलाय."

"नाही. माझी जुनी साडी आणि चपला आहेत मागे. त्या आण."

"अगं आत ये, कोण बघतंय?"

"मी बघतेय की," अंबाबाई म्हणाली आणि फाटकाबाहेर उभी राहिली.

फाटक कमरेइतकं होतं. आतलं सगळं दिसत होतं. सतरंजीवर पोरं वाट्टेल तशी पसरली होती. एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडात, एकीचं डोकं भिंतीला लागलेलं. अंबाबाईची बोटं फाटकाच्या सळईवर वळवळली. "त्या मुलीचं डोकं सरळ कर गं," ती नागलक्ष्मीला म्हणाली. पण नागलक्ष्मी साडी आणायला मागे गेली होती.

आवाजाने पवित्रा जागी झाली. डोळे चोळत उठून बसली. तिला आई दिसली, पण तिच्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

"आयाम्मा, शू."

"जननी, जा. तिला शू आलीय."

"तूच घे तिला, आयाम्मा. एवढ्याने काय होतंय?"

"तू जा."

"आयाम्मा, शूऽ!" पवित्रा आता उभी राहिली होती आणि गुडघे जुळवून उड्या मारत होती. रोज एव्हाना ती उचलली गेलेली असायची. जननी फाटकाची कडी काढू लागली. कडी सवयीच्या हातांचंच ऐकत असे. अंबाबाईच्या एका ठोशाने उघडायची. ती जननीला "वर उचल, वर उचलून ओढ" म्हणत राहिली, स्वतः हात लावला नाही. कडी निघाली, जननी धावली, आणि तोपर्यंत उशीर झाला होता. पवित्रा ओल्या सतरंजीवर उभी राहून फाटकाकडे बघत होती. तिला राग आला नव्हता. तिला नवल वाटलं होतं. मग तिने भोकाड पसरलं.

जननीने तिला कडेवर घेतलं आणि फाटकाबाहेर आली. पवित्राने रडत दोन्ही हात अंबाबाईकडे पसरले आणि आईच्या कडेवरून अर्धी खाली लोंबली. जननीने तिला घट्ट धरलं. ते तिने मुद्दाम केलं नाही. हात आपोआप आवळले गेले. दोघींनाही ते दिसलं.

अंबाबाई एक पाऊल पुढे आली. तिने निळ्या रेशमी साडीचा पदर हातात घेतला आणि पोर आईच्या कडेवर असतानाच तिचे ओले पाय पुसले, आधी मांड्या, मग पोटऱ्या, मग एकेक बोट. पवित्रा हुंदके देत गप्प झाली.

"घरी नेऊन कोमट पाण्याने पाय धू," अंबाबाई म्हणाली. "आणि फ्रॉक बदल. गार लागेल."

नागलक्ष्मी साडी आणि चपला घेऊन आली. अंबाबाईने त्या काखेत घेतल्या आणि गल्लीच्या वळणाकडे चालू लागली. पदर ओला होता. तो तिने पिळला नाही.